दूध बिलाच्या नोंदी : चार टेबलं आणि एक पडदा

३ जून २०२५

आबांनी आज बिलाची एक्सेल फाइल पेनड्राइव्हवर घालून दिली. आबा माझे चुलते, गावच्या दूध संस्थेचे सचिव. दर दहा दिवसांनी ते बिल काढतात : १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. संकलन मशीनची फाइल उघडायची, सभासदवार लिटर आणि रक्कम मांडायची, पशुखाद्याची आणि उचलीची कपात ओढायची, निव्वळ रक्कम बँकेच्या यादीत उतरवायची. बिलाच्या दिवशी रात्रीचे दोन वाजतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक अंक वाचायला त्रास होतो, हे त्यांनी सांगितलं नाही, काकूंनी सांगितलं.

सभासद २१२. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा संकलन, गाय आणि म्हैस वेगळी. एका बिलात चार हजारांच्या आसपास ओळी. कॉम्प्युटरच्या मानाने ही माहिती काहीच नाही. पण दहा दिवसांचा हा पैसा ज्या घरात जातो तिथे त्याचा हिशोब आधीच लागलेला असतो, म्हणून काम घेताना मनावर दडपण आहे.

हे बिल आपोआप निघेल असं ॲप आबांना करून द्यायचंय, पण ते पूर्ण लिहायला माझ्याकडे वेळ नाही. पुण्यातली नोकरी सांभाळून संध्याकाळ आणि शनिवार-रविवार एवढंच हातात आहे. म्हणून लो-कोड, म्हणजे फार कोड न लिहिता तयार तुकडे जोडून ॲप बनवायचं साधन, घेतलं : ॲपस्मिथ. ओपन सोर्स आहे, डॉकरवर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) आपल्याच मशीनवर चालतं, बटण-तक्ता-तारीख हे सगळं ओढून ठेवता येतं आणि क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, मात्र आपण स्वतः लिहायची असते. ही शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटली. माहितीसाठी पोस्टग्रेस हा डेटाबेस, वेगळ्या कंटेनरमध्ये. ॲप उद्या बदललं तरी माहिती जिथल्या तिथे राहिली पाहिजे.

५ जून

टेबलं, म्हणजे डेटाबेसमधले तक्ते, ठरवली. चारच : सभासद, संकलन, दरपत्रक, कपात.

नावं मराठीतच ठेवली. पोस्टग्रेसला देवनागरी नाव चालतं, अवतरणचिन्हंही लागत नाहीत. फक्त नावाची मर्यादा ६३ बाइटची आहे आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि अनुस्वार धरून, तीन बाइट खातं. म्हणजे एकवीस चिन्हं. त्यापुढचं नाव छाटलं जातं. ‘कपात’सारखं नाव ठेवलं तर प्रश्नच येत नाही. वहिनी संकलनाला बसतात, त्या क्वेरी वाचणार नाहीत हे खरं, पण कधी त्रुटीचा संदेश आलाच तर त्यात ‘संकलन’ हा शब्द दिसला तरी कुठे बघायचं ते त्यांना कळेल.

लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), रक्कम हे सगळं न्यूमरिक, म्हणजे तंतोतंत दशांश आकडा. फ्लोट, म्हणजे अंदाजे साठवलेला आकडा, कुठेच नाही. फॅट ३.५ ही दरपत्रकाशी बरोबर ३.५ म्हणूनच जुळली पाहिजे.

एका गोष्टीवर तासभर गेला. सभासद क्रमांक ही किल्ली, म्हणजे ओळीची ओळख, धरायची का? आबांना विचारलं. ते म्हणाले, “नंबर बापाचा पोराला जातो. ४७ नंबर आधी थोरल्याचा हुता, आता धाकटा घालतोय दूध.” म्हणजे तोच क्रमांक, माणूस दुसरा. जुन्या बिलावर आजचं नाव छापलं जाईल. म्हणून प्रत्येक माणसाला आतला एक स्वतंत्र आयडी दिला, क्रमांक ही फक्त त्याची एक माहिती. संकलन आणि कपात आयडीला जोडली.

संकलनाची एक ओळ म्हणजे काय, हे कागदावर लिहून भिंतीला लावलं : एक दिनांक, एक वेळ, एक सभासद, एक जातीचं दूध. या चौकडीवर युनिक बंधन घातलं, म्हणजे मशीनची फाइल चुकून दोनदा चढवली तरी ओळी दुप्पट होणार नाहीत.

८ जून

पहिला प्रयत्न वाया गेला, पण का गेला ते लिहून ठेवते.

ॲपस्मिथमध्ये प्रत्येक टेबलाची वेगळी क्वेरी केली आणि जोडणी ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये केली : सभासदांच्या यादीवर फिरायचं, प्रत्येकाच्या संकलनाच्या ओळी गाळून घ्यायच्या, बेरीज करायची. लो-कोडमध्ये हा रस्ता आपोआप समोर येतो, कारण क्वेरीचा निकाल डेटा म्हणून हाताशीच असतो. वीस ओळींच्या नमुन्यावर सुरेख चाललं.

मग संकलनाच्या तक्त्याला सर्व्हरकडून पानं घेण्याची सोय चालू केली आणि बेरजा बदलल्या. पान एकवर एक आकडा, पान दोनवर दुसरा. कारण उघड आहे : क्वेरी सर्व्हरवर चालते, पण ब्राउझरमध्ये येतात त्या त्या पानाच्याच ओळी, आणि माझी बेरीज आलेल्या ओळींचीच होत होती. पानं बंद केली तर मेपासूनचं सगळं संकलन दर वेळी ब्राउझरमध्ये ओढायचं, आणि संस्थेतलं मशीन जुनं. दोन्ही नको. जोडणी आणि बेरीज डेटाबेसमध्येच झाली पाहिजे. पडद्याने, म्हणजे ॲपच्या स्क्रीनने, फक्त दाखवायचं.

एक अपवाद मात्र आहे. पशुखाद्याची विक्री गोडाऊनवाले काका गुगल शीटमध्ये लिहितात. ॲपस्मिथची एक क्वेरी एकाच डेटासोर्सवर चालते. शीट आणि पोस्टग्रेस यांचा एका एसक्यूएल क्वेरीत जॉइन, म्हणजे जोडणी, होत नाही. त्यासाठी ‘खाद्य आणा’ असं बटण केलं : शीट वाचायची, जावास्क्रिप्टमध्ये तपासायची, कपात टेबलात टाकायची. पुढची सगळी जोडणी मग एकाच ठिकाणी.

काकांनी काही ठिकाणी ‘१,४५०’ असं देवनागरी आकड्यांत आणि स्वल्पविरामासकट लिहिलंय. जावास्क्रिप्टला देवनागरी अंक आकडा म्हणून कळत नाहीत, ‘नॅन’ (‘हा आकडा नाही’) हाती येतं. पोस्टग्रेसही ते न्यूमरिकमध्ये घेत नाही, चूक दाखवून थांबतं. काकांना लिहायची सवय बदलायला सांगणार नाही. दहा अंकांची अदलाबदल करणारं फंक्शन चार ओळींचं आहे. पण ज्या ओळीचा आकडा तरीही बनत नाही ती ओळ टाकायची नाही, लाल रंगात दाखवायची.

१२ जून

१ ते १० जूनचं बिल नमुना म्हणून घेतलं. दूध घातलेले सभासद १८७. क्वेरी चालवली, यादीत १४१.

सेहेचाळीस माणसं गायब. नावं काढली तेव्हा कळलं, त्या दहा दिवसांत ज्यांनी खाद्य नेलं नाही आणि उचलही घेतली नाही, तेच हे लोक. मी साधा जॉइन लिहिला होता. साध्या जॉइनमध्ये दोन्ही बाजूंना जोडीदार असेल तरच ओळ राहते. कपात नसलेल्या माणसाला बिलच नाही, असा त्याचा अर्थ झाला. लेफ्ट जॉइन केला, त्यात जोडीदार नसला तरी डावीकडच्या टेबलाची ओळ राहते, १८७ आले.

पण त्या सेहेचाळीस जणांची निव्वळ रक्कम कोरी. कपात ‘नल’, म्हणजे मूल्यच नसलेली, होती, आणि कशातूनही नल वजा केलं की उत्तर नल. कोॲलेस लावून नलचं शून्य केलं. इथे ते बरोबर आहे, कारण कपातीची ओळ नसणं याचा अर्थ कपात नसणं हाच आहे.

मग कपातीला तारखेची अट घातली आणि माणसं पुन्हा गेली. ही चूक शोधायला जेवणानंतरचे दोन तास लागले. लेफ्ट जॉइन तसाच होता, मी अट ‘व्हेअर’मध्ये, म्हणजे गाळणीच्या भागात, लिहिली होती. जोडणी आधी होते, व्हेअर नंतर लागतो. कपात नसलेल्या सभासदाच्या ओळीत कपातीची तारीख नल असते, नल कुठल्याच अटीत बसत नाही, ओळ गळते. लेफ्ट जॉइन लिहूनही परिणाम साध्या जॉइनचाच. उजव्या बाजूच्या टेबलाची अट ‘ऑन’मध्येच, म्हणजे जोडणीच्या अटीतच, हवी. तिथे हलवली, १८७.

आता रोज पहिली गोष्ट ही करते : जोडणीआधी सभासद किती, जोडणीनंतर किती. दोन्ही आकडे पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात कायमचे ठेवलेत. आबांनाही दिसू देत.

१४ जून

आज शनिवार. सकाळी गावी आले. आबांच्या कागदाशी पहिल्यांदाच पूर्ण ताळा.

माझ्या घरचं खातं बरोबर, शेजारच्यांचं बरोबर. तिसऱ्या नावावर आबांनी चष्मा वर केला. “ह्याचं तीनशेनव्वद लिटर? दोन म्हशी हाईत त्याच्याकडं. डेअरी टाकलीय का त्यानं?”

त्याने दहा दिवसांत वीस वेळा साडेसहा लिटर दूध घातलं होतं : १३० लिटर. पडद्यावर ३९०. कपात खरी २,६०० रुपये : खाद्य १,४५०, उचल १,०००, औषध १५०. पडद्यावर ५२,०००. निव्वळ रक्कम उणे.

कागदावर मांडलं तेव्हा दिसलं. सभासदाच्या बाजूला संकलनाच्या वीस ओळी आणि कपातीच्या तीन. मी दोन्ही टेबलं सभासदाला एकदमच जोडली. संकलन आणि कपात यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही, दोघांचा संबंध फक्त सभासदाशी. तेव्हा डेटाबेस दुसरं काय करणार, प्रत्येक संकलनासमोर प्रत्येक कपात मांडतो. वीस गुणिले तीन, साठ ओळी. त्यांची बेरीज केली की दूध तिप्पट आणि कपात वीसपट.

आमचं घरचं खातं बरोबर आलं कारण आम्ही त्या दहा दिवसांत काही नेलंच नव्हतं. कपात नाही, म्हणजे एकच ओळ, म्हणजे गुणाकार एकाने. ज्यांची कपात एकच होती त्यांचं दूध बरोबर दिसत होतं, कपात मात्र वीसपट. यापुढे तपासायला घरचं खातं घ्यायचं नाही. सगळ्यात गुंतागुंतीचं खातं घ्यायचं.

बेरजेत ‘डिस्टिंक्ट’ टाकून बघावं असं क्षणभर वाटलं. ते आणखी वाईट. तो साडेसहा-साडेसहा लिटर रोज घालतो. डिस्टिंक्टने वीस साडेसहांचं एकच साडेसहा होईल. आणि ज्याचं दूध रोज थोडंफार बदलतं त्याचा आकडा खऱ्याच्या जवळपास येईल, पटण्यासारखा दिसेल, आणि चुकीचा असेल. तीनशेनव्वद निदान डोळ्यांना खुपतं तरी.

उपाय सरळ आहे. आधी संकलनाची सभासदवार बेरीज करायची : प्रत्येक सभासदाची एक ओळ. वेगळी कपातीची बेरीज करायची : तिथेही प्रत्येकाची एक ओळ. मग सभासद, ही बेरीज आणि ती बेरीज जोडायची. एकास एक. ‘विथ’ने दोन्ही बेरजा वर लिहिल्या, खाली जोडणी. ॲपस्मिथला या लांबीचं काही वाटत नाही, एका क्वेरीत सगळं बसतं. १३० लिटर, २,६०० रुपये.

भिंतीवरच्या कागदावर आणखी एक ओळ लिहिली : जोडण्याआधी दोन्हीकडे सभासदाची एकच ओळ आहे का?

आबा शांतपणे शेजारी बसून होते. मी समजावून सांगितलं तर म्हणाले, “मी पण आधी दुधाची बेरीज वेगळी मारतो, खाद्याची वेगळी. मग एका कागदावर घेतो.” हे मी पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून समजून घ्यायला हवं होतं.

१७ जून

दरपत्रक. मला सगळ्यात जास्त भीती याचीच होती.

दर ठरतो जात, फॅट आणि एसएनएफवर. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीच्या दुधाला ६.० आणि ९.० हा पाया, त्यावर-खाली प्रत्येक पॉइंटला वाढ किंवा घट. दरपत्रक म्हणजे याचं मोठं कोष्टक. नमुन्याच्या बिलात मध्येच, ६ तारखेपासून, नवं कोष्टक लागू झालं. म्हणजे एकाच बिलात एकाच फॅटचे दोन दर. संकलनाची ओळ दरपत्रकाला जोडताना चौथी अट तारखेची : त्या दिवशी लागू असलेला दर.

इथे पुन्हा गुणाकार झाला. नवं कोष्टक चढवताना जुन्याची ‘पर्यंत’ तारीख भरायची राहिली होती. ६ तारखेनंतर जुना आणि नवा दोन्ही लागू, एका संकलनाला दोन दर, दूध दुप्पट. कोष्टक मी चढवलं म्हणून मला आठवलं. पुढच्या वेळी कुणी दुसरं चढवेल. म्हणून बंधन डेटाबेसवरच घातलं : त्याच जातीच्या, त्याच फॅट-एसएनएफच्या दोन दरांचे कालावधी एकमेकांवर चढता कामा नयेत. पोस्टग्रेसमध्ये यासाठी एक्सक्लूजन बंधन आहे, बीट्री-जिस्ट एक्स्टेंशन चालू करावं लागतं. आता चुकीचं कोष्टक चढतच नाही.

उलटी अडचणही निघाली. सहा ओळींना दरच सापडला नाही. फॅट कोष्टकाच्या खाली गेलेलं. हात सवयीने कोॲलेसकडे गेला, आणि थांबले. १२ तारखेला नलचा अर्थ शून्य होता. इथे नलचा अर्थ शून्य नाही. दर माहीत नाही एवढाच अर्थ आहे. इथे शून्य लिहिलं तर त्या माणसाचं दूध फुकट गेलं आणि यादीत कुठे काही खुपणारही नाही. म्हणून दर न सापडलेल्या ओळी वेगळ्या तक्त्यात, बिलाच्या वर, आणि तो तक्ता रिकामा झाल्याशिवाय ‘बिल पक्कं करा’ हे बटण दाबता येत नाही. त्या सहा ओळींचं काय करायचं ते आबा आणि चेअरमन ठरवतील.

२१ जून

तीन पडद्यांवर तीच क्वेरी तीनदा चिकटवली होती : बिल, बँक यादी, पावती. मंगळवारची दुरुस्ती दोन ठिकाणी केली, तिसरीकडे राहिली. बँक यादीची बेरीज बिलाशी जुळेना म्हणून सापडलं.

सगळी जोडणी पोस्टग्रेसच्या एका फंक्शनमध्ये हलवली. दोन तारखा द्यायच्या, सभासदवार बिल घ्यायचं. ॲपस्मिथमध्ये आता तिन्ही ठिकाणी एका ओळीची क्वेरी आहे. साधा व्ह्यू, म्हणजे नाव देऊन साठवलेली क्वेरी, पुरला नसता, कारण तारखेची गाळणी बेरजेच्या आत लागते, बेरीज झाल्यावर लावता येत नाही.

तारखेनेही आज वेळ घेतला. तारखेच्या खिडकीत १ जून निवडला तर बिलात ३१ मेचं दूध येत होतं. निवडलेली तारीख आत मध्यरात्रीची वेळ म्हणून धरली जाते आणि यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत, पाठवली जाते. आपली १ जूनची मध्यरात्र म्हणजे तिथे ३१ मेचे संध्याकाळचे साडेसहा. त्यातून फक्त तारीख काढली की एक दिवस मागे. आता वेळ पाठवतच नाही, वर्ष-महिना-दिवस असा मजकूर करून पाठवते आणि क्वेरीत त्याची तारीख करते.

प्रीपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे क्वेरी आणि तिच्यातली मूल्यं वेगवेगळी पाठवायची सोय, चालूच ठेवलंय. त्यामुळे क्वेरीत मूल्यं देता येतात, कॉलमचं नाव देता येत नाही. ‘लिटरनुसार लावा, नावानुसार लावा’ यासाठी ते बंद करायचा मोह होतो, पण मग खिडकीत टाइप केलेलं काहीही थेट क्वेरीचा भाग होतं. ज्या पडद्यातून पैसे जातात तिथे ते चालणार नाही. क्रम लावायला ‘केस’ (पर्यायानुसार मूल्य निवडणारी रचना) लिहिला, चार पर्याय आहेत, पुरतात.

२६ जून

पानं पुन्हा चालू केली. एका पानावर पंचवीस नावं, कारण अक्षर मोठं ठेवलंय. क्रम फक्त लिटरवर लावला होता तेव्हा समान लिटरची माणसं कधी दोन्ही पानांवर दिसायची, कधी कुठेच नाही. क्रमात शेवटी आयडी जोडला. एकूण बेरीज वेगळ्या क्वेरीतून, दिसणाऱ्या पानातून नाही.

शोध. वहिनींनी ‘कुऱ्हाडे’ टाइप केलं, सापडेना. यादीत मात्र नाव समोर दिसतंय. दोन्ही अक्षरशः सारखी दिसतात, पण आतून वेगळी निघाली. आपला ‘ऱ’ दोन तऱ्हांनी लिहिला जातो : एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि खाली नुक्ता असा जोडून. मशीनच्या फाइलीत एक, वहिनींच्या फोनमध्ये दुसरा. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १३ पासून नॉर्मलाइझ हे फंक्शन आहे, त्याने दोन्ही एका रूपात येतात. नाव साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे लावलं. कुऱ्हाडे, गुऱ्हाळवाले, सगळे सापडले. सभासद क्रमांकावर शोध आधीपासून होताच आणि गावात तोच जास्त चालतो. पण माणसाला नावानेही शोधता यायला हवं.

२ जुलै

२१ ते ३० जूनचं बिल आबांनी एक्सेलमध्ये काढलं, मी पडद्यावर. एकमेकांना न दाखवता. काल रात्री शेजारी ठेवून ताळा केला.

बऱ्याच खात्यांत काही पैशांचा फरक. तो लगेच कळला. मी दहा दिवसांची पूर्ण रक्कम करून शेवटी दोन दशांशांवर आणत होते. मशीन मात्र प्रत्येक वेळेची रक्कम तेव्हाच पैशापर्यंत आणून पावतीवर छापतं. ती पावती माणसाच्या हातात असते. त्याने वीस पावत्या जोडल्या तर जी बेरीज येईल तीच आली पाहिजे. फंक्शन बदललं, आधी ओळीची रक्कम गोल, मग बेरीज.

उरले तीन सभासद. तिन्हींची कपात आबांच्या बिलात होती, माझ्यात नव्हती. पहिल्यांदा मी माझीच क्वेरी तपासली, जून महिन्याने तेवढं शिकवलंय. शीट पाहिली, उचलीचं रजिस्टर पाहिलं. तिघांच्या नावावर कुठेच काही नाही. मग आबांच्या फाइलीतलं सूत्र उघडलं.

वरच्या सगळ्या ओळींत व्हीलुकअप या शोधसूत्राच्या शेवटी ‘फॉल्स’ आहे : तंतोतंत जुळला तरच घे. एप्रिलमध्ये जे नवे सभासद झाले, क्रमांक २०४ पासून पुढे, त्यांच्या ओळींत सूत्र नव्याने टाइप केलंय आणि शेवटचा भाग राहिलाय. तो नसला की एक्सेल जवळचा जुळवतं : क्रमांक सापडला नाही तर त्याच्या खालचा जो मोठ्यात मोठा सापडेल तो. म्हणजे ज्या नव्या सभासदाने काही नेलं नव्हतं, त्याच्या बिलातून त्याच्या आधीच्या क्रमांकवाल्याचं खाद्य कापलं गेलं. आधीच्याचंही कापलं गेलंच होतं. एका पोत्याचे पैसे दोन घरांतून.

माझी १२ तारखेची चूक आणि ही चूक एकाच जागची आहे. जोडीदार न सापडलेल्या ओळीचं काय करायचं? माझा जॉइन तिला टाकून देत होता, हे सूत्र तिला दुसऱ्याचा जोडीदार देत होतं.

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग कपाटातून खाद्याच्या खात्याची वही काढली. एप्रिलपासून तिथे काही रक्कम शिल्लक दिसत होती, जुळत नव्हती, त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून ठेवलं होतं. एप्रिलपासूनची सगळी बिलं पहाटेपर्यंत काढली. त्या तिघांची जादा कपात आणि वहीतली शिल्लक रुपयाला रुपया जुळली.

“नवीन हुती माणसं,” आबा म्हणाले. “सुरुवातीला काय काय कापतात असं वाटलं असंल त्यांना. कोण विचारायला आलं न्हाई.” आणि थोड्या वेळाने, “ह्या बिलाला परत घाल. पावतीवर लिवून घाल.”

कपात टेबलात ऋण रक्कम टाकून भागलं असतं. तसं केलं नाही. ‘मागील कपात परत’ हा वेगळा प्रकार केला, पावतीवर वेगळ्या ओळीत, ज्या बिलांतून कापली त्यांच्या तारखांसह.

७ जुलै

काल आषाढी एकादशी. संकलन दोन्ही वेळा झालं, दुधाला सुट्टी नसते. दुपारी मोकळा वेळ मिळाला तेव्हा राहिलेली कामं केली. संकलनावर दिनांक आणि सभासद यांचा एकत्र इंडेक्स, म्हणजे लवकर शोधायची सूची. ॲपसाठी डेटाबेसचा वेगळा वापरकर्ता, त्याला फंक्शन चालवायचा आणि कपात भरायचा अधिकार, संकलन खोडायचा नाही. रोज रात्री बॅकअप, एक प्रत आबांच्या पेनड्राइव्हवर.

तपशिलाचा पडदाही झाला. बिलातल्या नावावर बोट लावलं की त्याचा आयडी दुसऱ्या क्वेरीला जातो आणि त्या माणसाच्या वीस वेळा खाली उघडतात : लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. इथे बेरीज नाही, फक्त ओळी. कुणी विचारायला आलं तर समोर दाखवता यावं म्हणून.

१२ जुलै

१ ते १० जुलैचं बिल काल रात्री पडद्यावरून काढलं. साडेनऊला झालं. सकाळी दहाला पावत्या वाटल्या, बँकेची यादी संध्याकाळी पाचला जायची होती.

त्या तिघांपैकी एक आजी पावती घेऊन आल्या. ‘मागील कपात परत’ ही ओळ त्यांनी नातवाकडून वाचून घेतली होती. पैसे का आले ते आबांनी त्यांना उभं राहून सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आता ह्या बिलाचं दाव.” पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली. दहा दिवसांच्या सगळ्या पावत्या तिच्यात, तारखेने लावलेल्या.

मी तपशील उघडला आणि एकेक पावती ताडून पाहिली. नऊ जुळल्या. दहाव्या ओळीला आजींच्या हातात ५ तारखेच्या संध्याकाळची पावती, पडद्यावर थेट ६ तारखेची सकाळ. त्यांची पावती मशीनची नव्हतीच, हाताने लिहिलेली होती, वहिनींच्या अक्षरात. ५ तारखेला संध्याकाळी वीज गेली आणि इन्व्हर्टरही बसला. रांगेतल्या शेवटच्या लोकांचं दूध वहिनींनी मापून, फॅट दुसऱ्या दिवशी लावू म्हणून नमुना ठेवून, चिठ्ठ्या दिल्या. नंतर फॅट वहीत लागलं, मशीनमध्ये चढवायचं राहिलं. मशीनच्या फाइलीत ते दूध नाही, म्हणून संकलनात नाही, म्हणून बिलात नाही. माझी क्वेरी त्यात काहीच चुकत नव्हती आणि आजींचं दूध गेलं होतं.

अजून किती? टेबलात जे नाही ते शोधायचं होतं. दहा दिवसांच्या वीस वेळा जनरेट सिरीजने तयार केल्या, प्रत्येक सभासदाशी क्रॉस जॉइन केल्या, म्हणजे कुणी कधी दूध घालू शकलं असतं त्या सगळ्या जागा आल्या. त्यांना संकलन लेफ्ट जॉइन केलं आणि ज्या जागा रिकाम्या राहिल्या त्या घेतल्या. पुष्कळ आल्या, लोक एखादी वेळ चुकवतातच. मग अट घातली : आधीच्या वेळी दूध आहे, नंतरच्या वेळी आहे, मधलीच रिकामी. ५ तारखेची संध्याकाळ वेगळी उठून दिसली. चौदा नावं. वहिनींनी वहीशी ताडली : अकरा जणांना चिठ्ठ्या दिल्या होत्या, अकराच्या अकरा नावं त्या चौदांत होती. उरलेल्या तिघांनी त्या संध्याकाळी दूध घातलंच नव्हतं.

अकरा ओळी हाताने भरल्या, बिल पुन्हा काढलं, अकरा नव्या पावत्या. यादी पाचला पाच मिनिटं असताना गेली. ही शोधाशोध आता ‘बिल पक्कं करा’च्या आधीचा दुसरा तक्ता आहे.

वहिनींसाठी हाताच्या पावत्यांचा फॉर्म करते म्हटलं. त्या म्हणाल्या, “वीज गेल्यावर फॉर्म कुठं उघडायचा? वही ठेवते. सकाळी पहिल्यांदा ती भरायची, मग मशीन लावायचं.” संध्याकाळी आबांनी मशीनशेजारच्या खिळ्याला सुतळीने नवी वही बांधली. फॉर्ममधले रकाने मी त्या वहीच्या क्रमाने लावणार आहे.